मोकळं कपाळ

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणपण शिकवायला नको. सरकारी खुर्चीत बसलेल्या माणसानं अंगावर धर्म मिरवू नये. टिळा नको, टोपी नको, गळ्यात फोटो नको, टेबलावर मूर्ती नको. समोर उभ्या असलेल्या माणसाला आपलं काम होतंय की नाही याचीच धास्ती असते, त्यात आपण कुणाचे हे त्याला कशाला दाखवायचं? नोकरीला लागले तेव्हापासून माझं हेच मत आहे आणि आजही आहे. तरीही यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऑफिसात मी जे केलं ते केलं, आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

मत मूळचं वडिलांचं. सरकारी नोकरीत गेलेले ते आमच्या घरातले पहिले. आम्ही बौद्ध. जयंतीला वडील निळा फेटा बांधून मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे असायचे, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना पांढरा शर्ट आणि खिशाला पेन, बस्स. त्यांच्या ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर काचेखाली कुठला ना कुठला देव होता. कुणीतरी त्यांना म्हणालं, तुम्हीही तुमचा एखादा फोटो लावा की. वडील म्हणाले, "दारावर आडनाव लिहिलंय. तेवढ्यात लोकांना कळायचं ते कळतं. आणखी काय लावू?"

लहान होते तेव्हा मला ते उत्तर नुसतं खवचट वाटलं होतं. माझ्या नावाची पाटी दारावर लागली तेव्हा त्याचा अर्थ कळला. माणसं आधी आडनाव वाचतात. मग माझ्या कपाळाकडे बघतात. मी कुंकू लावत नाही, टिकलीही नाही. आडनाव आणि मोकळं कपाळ यांची बेरीज एका क्षणात होते आणि चेहऱ्यावर ते खास हसू येतं, "आमच्यात नाही हं असलं काही" म्हणणारं. बेरीज करणाऱ्याला वाटतं आपली बेरीज समोरच्याला ऐकू येत नाही.

त्या मोकळ्या कपाळालाही इतिहास आहे. माझ्या आजीनं दीक्षा घेतली त्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं. नवरा शेजारी उभा, धडधाकट. गावातल्या बायका म्हणाल्या, जित्या नवऱ्याचं कुंकू पुसलं या बाईनं, हिचं काही खरं नाही. आजोबा त्यानंतर इतकी वर्षं जगले की शेवटी आजीच त्यांना वैतागली. आमच्या घरात हा किस्सा हसून सांगतात. मीही हसूनच ऐकला होता.

आमचं ऑफिस कर्वेनगरच्या बाजूला. महापालिकेची अशी ऑफिसं शहरभर आहेत, त्यातलंच एक. मी जन्म-मृत्यू नोंदणीचा विभाग बघते. खालच्या मजल्यावर खिडकी आहे. तिथे लोक दाखल्यांसाठी येतात. एकाच रांगेत बाळाचे आजोबा पेढे घेऊन उभे असतात आणि त्यांच्या मागे कालच आई गेलेला माणूस. त्या खिडकीवर बसणं सोपं नाही. पेढा खाऊन तोंड पुसायच्या आत पुढच्याला "कधी गेल्या?" असं विचारावं लागतं.

त्या खिडकीवर गेल्या वर्षी एक मुलगी आली. वऱ्हाडातली, मुसलमान, डोक्याला स्कार्फ. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला पुण्यात आली, पेठेतल्या अभ्यासिकेत आणि कॉटबेसिसच्या भाड्याच्या खाटेवर तिची उमेद सरत आली, आणि शेवटी पास झाली. धाकटी बहीण इथेच नर्सिंगला आहे, तिचा सगळा खर्च हिच्या पगारावर. नोकरी प्रोबेशनवर होती. कायम झाली तर दोघी पुण्यात राहणार, नाही झाली तर दोघी परत गावी, आणि तिथे गेल्यावर धाकटीचं शिक्षण संपलं म्हणूनच समजायचं. हे तिनंच मला सांगितलं, पण रडगाणं म्हणून नव्हे. मी विचारलं होतं, डब्यात रोज नुसती डाळ का म्हणून.

मुलगी काही फार गोड वगैरे नव्हती, हेही सांगते. उशिरा यायची. फटकळ. रागावली की तिची वऱ्हाडी बाहेर पडायची, "मले सांगू नका" म्हणायची, आणि वरच्या मजल्यावरचे लोक मागे तिची नक्कल करायचे. पण खिडकीवर मृत्यूचा दाखला मागायला कुणी आलं की तिचा आवाज आपोआप खाली यायचा. हे शिकवून येत नाही. मला ती आवडायची.

एक दिवस कर्वेनगरच्याच एका सोसायटीतले निवृत्त गृहस्थ नातवाच्या जन्माचा दाखला घ्यायला आले. त्यांनी खिडकीतून आत पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि अगदी शुद्ध मराठीत विचारलं, "अहो, हे पुणंच आहे ना?"

ती म्हणाली, "हो काका. तुम्ही कुठले?"

रांगेतले लोक हसले. दाखला त्यांना मिळाला, हातोहात मिळाला. पण पुण्यात माणसाला दाखल्यापेक्षा शेवटचा शब्द हवा असतो. गृहस्थ जिना चढून सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेबांची केबिन कशी आहे ते सांगितलं पाहिजे. दार उघडलं की समोर कोनाड्यात गणपती, त्याच्यापुढे विजेवर चालणारी समई. सकाळी उदबत्ती लागते, तिचा वास जिन्यापर्यंत येतो. साहेबांच्या कपाळावर अष्टगंध. मनगटावर धागे: लाल, काळा, एक पिवळा, आणि एक इतका जुना की त्याला रंगच उरलेला नाही. माणूस वाईट नाही. कुणाच्या आजारपणात रजा अडवत नाही, हात ओले करून घेत नाही. म्हणून तर जास्त चीड येते. वाईट माणसाकडून निदान अपेक्षा तरी नसतात.

त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "मॅडम, तुमच्या खिडकीवरच्या मुलीला जरा समजावा."

"काय समजावू?"

"ते डोक्यावरचं. सरकारी ऑफिस आहे. कामाच्या वेळी धार्मिक चिन्हं नकोत. तुमचंही हेच मत आहे म्हणे."

माझंच वाक्य त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, "आहे ना सर. अगदी तेच मत आहे. कधीपासून लागू करायचं? म्हणजे कोनाड्यातला गणपती घरी न्यायला तुम्हाला गाडी सांगते."

ते हसले. मी हसत नाही हे लक्षात आल्यावर थांबले. मी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं, तसं त्यांनीही पाहिलं, जणू धागे दुसऱ्याच कुणीतरी बांधून ठेवले होते. म्हणाले, "हे धर्माचं थोडंच आहे? हे तब्येतीसाठी."

"आणि कपाळावरचं?"

"ती संस्कृती झाली, मॅडम."

"मग तसं लेखी द्या सर. कुणाचं काय ते संस्कृती आणि कुणाचं काय ते धर्म, असं. मी सगळ्यांना वाचून दाखवते."

"लेखी कशाला? तोंडी सांगतोय ना." मग खुर्चीत जरा पुढे सरकून, आवाज मऊ करून म्हणाले, "आणि तुम्ही सांगितलंत तर तिला लागणार नाही. तुमच्या लोकांना या गोष्टी जास्त समजतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्या लोकांना. एरवी मोकळ्या कपाळाकडे बघून बेरीज करणाऱ्यांना आज तेच कपाळ उपयोगी पडत होतं. कुऱ्हाड ह्यांची, दांडा मी. उद्या कुणी बोट दाखवलं तर म्हणायला मोकळे, आमच्या त्या मॅडमनीच सांगितलं, आणि त्या तर काही आमच्यातल्या नाहीत.

मी उठले. दाराशी गेले तेव्हा साहेब मागून म्हणाले, "तिचं प्रोबेशन संपतंय ना? अहवाल तुम्हीच लिहिणार. वरिष्ठांच्या सूचना पाळत नाही असं दिसलं, तर मला सही करणं अवघड जाईल."

एवढं बोलून त्यांनी उदबत्तीची राख झटकली. तिची नोकरी, तिच्या बहिणीचं शिक्षण, दोघींचं पुण्यातलं राहणं, सगळं त्या एका तोंडी वाक्यावर येऊन ठेपलं.

मी मुलीला काही सांगितलं नाही. सांगणारही नव्हते. पण दुपारी डबा खाताना माझ्याच्यानं गप्प राहवलं नाही. माझ्याबरोबर जेवायला असतात त्या आस्थापनेच्या बाई, म्हणजे सगळ्यांच्या रजा आणि बदल्या बघणाऱ्या. आमची मैत्री जुनी. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घरचा डबा ह्याच बाईंकडून यायचा, आणि माझा नवरा अजूनही त्यांच्या आमटीची आठवण काढून माझं डोकं फिरवतो. त्यांना मी झालं ते सगळं सांगितलं. म्हटलं, "नियम करायचा तर सगळ्यांना करा. टिळा नको, धागे नको, स्कार्फ नको, मंगळसूत्र नको."

त्यांचा घास हातातच राहिला. "अहो, मंगळसूत्रावर कुठे येता?"

"का? ते काय जीएसटीत येतं?"

"ते धर्माचं नसतं हो. ते नवऱ्याचं असतं."

"लग्नात भटजींनी मंत्र म्हणून घातलं ना तुमच्या गळ्यात? की रजिस्ट्रारनं?"

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही," त्या म्हणाल्या, आणि लगेच माझ्या डब्यात लोणचं वाढलं. आमची भांडणं अशीच होतात. पण त्या दिवशी त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं. म्हणाल्या, "एवढंसं फडकं तर आहे. काढलं तर काय बिघडतं? नोकरी महत्त्वाची."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. स्वतःचे काळे मणी काढायचं नुसतं नाव निघालं तर ह्यांचा घास अडकतो, आणि तिचं मात्र एवढंसं फडकं.

ऑफिसात भिंतींना कान असतात असं म्हणतात. आमच्याकडे भिंतींना तोंडही आहे. दोन-चार दिवसांत मुलीपर्यंत सगळं पोचलं, आणि एका सकाळी ती स्कार्फ न घालता आली. केस घट्ट बांधलेले. चालताना तिचा हात सारखा डोक्याकडे जात होता, तिथे काही नाही हे कळून खाली येत होता आणि थोड्या वेळानं परत वर जात होता.

मी तिला माझ्या टेबलाशी बोलावलं. म्हटलं, "मी तुला काही म्हटलं का?"

"नाही मॅडम."

"मग काहून काढलंस?" मी मुद्दाम तिच्या भाषेत विचारलं, तिला जरा हसू येईल म्हणून. आलं नाही.

"तुम्ही म्हटलं नाही म्हणूनच काढलं. तुम्ही माझ्यासाठी भांडाल, मग तुमच्याही मागे लागतील ते. आणि मले कायम व्हायचं आहे मॅडम." मग म्हणाली, "घरच्यांनी कधी घाल म्हटलं नव्हतं. कॉलेजात मीच घ्यायला लागले होते. आता वाटते, कोणी खिडकीतून माझ्या कपड्यांच्या आतच पाहते."

मी काय बोलणार? तिला "घाल" म्हणणारी तरी मी कोण? मी स्वतः ज्या मताची, त्या मताप्रमाणेच तर ती आता बसली होती, डोक्यावर काही नाही, कपाळावर काही नाही. माझ्या वडिलांनी तिला शाबासकी दिली असती. आणि मला इतकी लाज वाटत होती, इतका संताप येत होता, की मी समोरचा चहा तसाच ठेवून बाहेर जाऊन उभी राहिले. नियम हाच होता, पण तो घातला होता एकटीच्याच डोक्यावर.

त्या दिवशी ऑफिसातल्या बायकांनी तिचं कोण कौतुक केलं. "किती गं छान केस तुझे, उगाच झाकून ठेवायचीस." "आता कशी मोकळी दिसतेस." साहेब जिन्यात भेटले, मान डोलावून म्हणाले, "गुड." कुणालाही वाटत नव्हतं की आपण काही वाईट बोलतोय.

स्कार्फ मात्र तिच्या ड्रॉवरमध्ये असायचा. दुपारी तिच्या आईचा व्हिडिओ कॉल येतो. पूर्वी तो ती खिडकीवरूनच घ्यायची. त्या दिवसांत मात्र ती त्यासाठी मागच्या रेकॉर्डरूममध्ये जायची, स्कार्फ बांधायची, आईशी बोलायची, आणि परत येताना तो घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवायची. एकदा मी जुनी नोंद काढायला गेले आणि तिला पाहिलं. तिनं फोनवर बोलता बोलता माझ्याकडे बघून डोळ्यांनीच सांगितलं, बोलू नका. मी आल्या पावली परत फिरले.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी ऑफिसात सगळ्या यंत्रांची पूजा होते. पूर्वी टाइपरायटरची व्हायची म्हणे, आता कॉम्प्युटर, प्रिंटर, झेरॉक्सचं मशीन, शिक्के, स्टेपलरसुद्धा. प्रत्येक मॉनिटरवर कुंकवाचं स्वस्तिक आणि झेंडूची माळ. मुलीच्या मॉनिटरवरही काढलं होतं, नेहमीप्रमाणे. साहेब सोवळं नेसायचे तेवढे बाकी होते. नारळ फुटला, आरती झाली. मी दरवर्षीप्रमाणे माझ्या टेबलाशी काम करत बसले होते. माझं त्यांना माहीत आहे. प्रसाद आणून देतात, मी खाते, विषय संपला.

आरतीनंतर आस्थापनेच्या बाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन बायकांना कुंकू लावत फिरल्या. माझ्याजवळ आल्या, हसल्या, पेढा ठेवला आणि पुढे गेल्या. मग खिडकीशी गेल्या. मुलगी समोरच्या माणसाचा अर्ज बघत होती. बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता कशी आमच्यातली दिसतेस. पण पोरीच्या जातीचं कपाळ असं भुंडं बरं नाही वाटत गं." आणि तिनं मान वर करायच्या आत तिच्या कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू टेकवलं.

प्रेमानं लावलं. हे मला शपथेवर सांगता येईल. त्या बाईच्या मनात विष नव्हतं. मोकळं कपाळ त्यांना बघवलं नाही, इतकंच. मुलीचे दोन्ही हात कीबोर्डवर तसेच राहिले. साहेब प्रसादाची वाटी घेऊन उभे होते, त्यांनी पाहिलं आणि ते कौतुकानं हसले.

मी उठले. एवढ्या वर्षांत मी ऑफिसात आवाज चढवला नव्हता. आवाज चढवला की आमच्यासारख्यांना लगेच म्हणतात, बघा, शेवटी तसलेच. पण त्या दिवशी मला काहीच सुचेना, एवढंच सुचलं. मी बाईंजवळ गेले आणि म्हटलं, "पुसा."

"काय?"

"तिच्या कपाळावरचं. तुम्ही लावलंत ना, तुम्हीच पुसा."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. "अहो, काय बोलता हे. सणाच्या दिवशी? कुंकू पुसायचं? माझ्या हातानं?"

"का? संस्कृती आहे ना ती? धर्म नाही ना? मग टेबलावरची धूळ पुसतो तसं पुसा."

त्यांनी हात मागे घेतला. मी साहेबांकडे वळले. "सर, कामाच्या वेळी चिन्हं नकोत, तुमचीच सूचना आहे. तुम्ही पुसता का?"

साहेब म्हणाले, "मॅडम, विषय भलतीकडे नेऊ नका."

"विषय इथेच आहे सर. हा बघा, कपाळावर आहे."

कुणी पुसेना. अख्खं ऑफिस उभं होतं, शिपायापासून साहेबांपर्यंत, आणि त्या चिमूटभर कुंकवाला हात लावायची एकाची हिंमत नव्हती. तिचं फडकं मात्र सगळ्यांनी मिळून सहज उतरवलं होतं. मला माझी आजी आठवली. जित्या नवऱ्याचं कुंकू तिनं एकटीनं पुसलं होतं आणि सगळं गाव तिच्याकडे असंच बघत उभं राहिलं असेल. घरात तो किस्सा आम्ही हसत हसत सांगत आलो. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला आता कळेना.

शेवटी मुलीनंच ड्रॉवर उघडला. स्कार्फ काढला, त्याच्या टोकानं कपाळ पुसलं, नीट, दोनदा पुसलं. मग तो डागाचा स्कार्फ तसाच डोक्याला बांधला, पिन लावली, आणि खिडकीतून बाहेर बघून म्हणाली, "हां काका, आईचं पूर्ण नाव सांगा." बाहेरचा माणूस मृत्यूच्या दाखल्यासाठी आला होता. तो बिचारा इतका वेळ हे सगळं बघत उभा होता.

मी माझ्या टेबलावरचं फडकं घेतलं आणि तिच्या मॉनिटरवरचं स्वस्तिक पुसून काढलं. मला कुणी अडवलं नाही. आस्थापनेच्या बाई रडत होत्या. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, पण मी त्यांना जवळ घेतलं नाही.

दिवाळीआधी तिचा अहवाल माझ्याकडे आला. त्यात एक रकाना असतो, वरिष्ठांच्या सूचनांचं पालन करते का म्हणून. मी लिहिलं: "होय. कार्यालयात धार्मिक चिन्हं नकोत अशी तोंडी सूचना होती. खंडेनवमीला कामाच्या वेळी कार्यालयानं तिच्या कपाळावर लावलेलं चिन्ह तिनं स्वतःहून पुसलं."

साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, हे असं लिहितात का? मी म्हटलं, तुम्हाला मान्य नसेल तर खाली तुमचा शेरा लिहा सर, काय घडलं ते सविस्तर लिहा. त्यांनी कागद बराच वेळ हातात धरला. शेरा लिहायचा तर कुंकू कुणी लावलं, सूचना कुणी दिली, सगळं लिहावं लागणार. त्यांनी सही केली. मुलगी कायम झाली, आईचा कॉल परत खिडकीवरूनच घेऊ लागली.

मी जिंकले असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं, आठवडाभर. मग अंतर्गत बदल्यांचा आदेश निघाला, आणि तो मात्र लेखी होता. नागरिकांच्या सोयीसाठी म्हणे. मुलीची नेमणूक रेकॉर्डरूममध्ये. आदेश टाइप केला होता आस्थापनेच्या बाईंनी. माझ्या टेबलावर ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हापासून आम्ही डबा वेगवेगळा खातो. खिडकीवर आता दुसरे एक गृहस्थ बसतात. कपाळावर टिळा, हातात धागा. त्यांच्याबद्दल आजवर कुणाची तक्रार नाही, आणि हे पुणंच आहे ना असंही त्यांना कुणी विचारत नाही.

रेकॉर्डरूममध्ये तिला स्कार्फ घालायला कुणाची ना नाही. घाल बाई, हवं ते घाल. तिथे बघायला येतंय कोण? जुन्या नोंदींची बाडं, एक ट्यूबलाइट, आणि ती.

परवा दुपारी मी तिथे गेले तर तिचा कॉल चालू होता. आई विचारत होती, आजकल तू खिड़की पे क्यूँ नहीं दिखती, पीछे इतना अँधेरा क्यूँ है. मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "अम्मी, अब अंदर का काम दिया है. परमनंट वालों को अंदर ही देते हैं."

आईला केवढा आनंद झाला. मी आल्याचं कळल्यावर त्यांनी फोन माझ्याकडे द्यायला लावला. पडद्यावर एक बाई, डोक्यावर पदर, मागे घराची हिरवी भिंत. त्या जमेल तशा मराठीत म्हणाल्या, "मॅडम, माझ्या मुलीला तुम्ही आत घेतलं. अल्ला तुमचं भलं करो."

मी म्हटलं, हो, कामाची आहे तुमची मुलगी. आणि फोन तिच्या हातात परत दिला.